दुखत नसलेली पाठ

"बाई, एक विचारू का? या सुया नुसत्या चरबीतच रुतून बसत असतील. आत कुठे पोचतच नसतील, तर पोर व्हायचं कसं?"

उताण्या पडलेल्या खाटकाने छताकडे बघत विचारलं. त्याच्या उघड्या पोटावर आणि नडग्यांवर केसासारख्या बारीक सुया उभ्या होत्या. खालचं रेक्झिन आधीच्या माणसाच्या घामाने चिकट झालेलं, आणि त्यावर त्याचं पोट दोन्ही बाजूंनी ओघळलेलं. जनावराची आतडी उलटी करून धुताना या गड्याचं नाक कधी मुरडलं नाही, पण स्वतःच्या या पोटाकडे त्याला बघवेना.

सुईवाली बाई आडपडदा न ठेवता बोलणारी. ती म्हणाली, सुयांनी झाली तर थोडीफार मदत होईल, खात्री मी पहिल्या दिवशीही दिली नव्हती. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर बोलले तेच धरून चाला. बीज कमी आहे, वजन हे त्याचं कारण असू शकतं, तेव्हा आधी पोट उतरवा. रोज चालता का, असं तिने विचारलं तेव्हा खाटीक पुन्हा छताकडे बघू लागला. सुया त्याला बऱ्या वाटायच्या, कारण तिथे नुसतं पडून राहायचं असे. परतताना कोपऱ्यावर तळणाचा वास आला की गाडी आपसूक तिकडे वळायची, आणि हा बोटं चाटतच घरी पोचायचा.

घरी त्याने सुया पाठदुखीसाठी आहेत असं सांगून ठेवलं होतं. बायको बिचारी रोज त्याच्या पाठीला तेल चोळायची, आणि हा कण्हायचा. दुखणं सोंगाचं, पण कण्हणं असं की शेजाऱ्यांनाही कीव यावी.

त्याच घरात त्याची आई सुनेला काढा पाजायची. काळपट हिरवा, वर तवंग, वास तुंबलेल्या मोरीचा. मूल होत नाही म्हणजे खोट सुनेतच, हे म्हातारीने ठरवून टाकलेलं. सून नाक दाबून गिळायची आणि खाटीक शेजारी बसून चहा भुरकायचा.

एका सकाळी काढा पोटात ठरला नाही. सून मोरीवर वाकली आणि भडाभडा ओकली, नाकातूनसुद्धा आलं. म्हातारीने जागचं न हलता दुसरा पेला भरला. ओकलेलं अंगी लागत नाही, परत घे, म्हणाली. सुनेने तोंड पुसलं आणि खरंच हात पुढे केला.

तो हात बघून खाटकाने चहा खाली ठेवला. त्याने पेला हिसकावला आणि मोरीत ओतला.

"आई, बास झालं. खोट माझ्यात आहे. डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. सुया त्याच्यासाठीच चालल्यात."

बायकोला पाठीशी घालायला वाटेल ते बरळू नकोस, असं म्हातारी पुटपुटली. बायको मात्र त्याच्याकडे बघत राहिली.

"कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

"थंडीत."

आता उन्हाळा सरत आला होता.

"आणि पाठ?"

"पाठीला काही झालेलं नाही."

ती साबण घेऊन हात धुवायला लागली. बोटांच्या बेचक्या, मनगटं, पार कोपरापर्यंत, घाणीत हात गेल्यावर धुवावेत तसे. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. तिने शिव्या घातल्या असत्या तर खाटकाला सोसलं असतं. हे सोसेना. आपण ओट्यावरच्या मांसापेक्षा नासके आहोत, असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

हात पुसून तिने काढ्याचं पातेलं मोरीत पालथं केलं. सासू अगं अगं करत राहिली.

"संध्याकाळी त्या बाईकडे मीपण येणार," ती म्हणाली. "चालत जायचं, गाडी काढायची नाही. आणि तिथे सगळं माझ्यादेखत बोलायचं."

तो बरं म्हणाला. मग दुकानाची किल्ली घेऊन निघाला.

दुकानापुढे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. उशिराबद्दल एकाने टोमणा मारला, तो त्याने ऐकून घेतला. शटर वर ढकललं, ओटा धुतला, सुऱ्याला धार लावली आणि कुणाला काय हवंय ते विचारलं.