एलर्टचा मुका पंप

एलर्ट पोपिंगा कुठल्याही यंत्राला कान लावून त्याचं काय दुखतंय ते सांगायचा. एम्स नदीतला गाळ उपसणाऱ्या बोटीवर, इंजिनाशेजारी त्याने उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर जर्मनीतल्या लेअर गावातल्या आमच्या तीन मजली घराचं तळघर ताब्यात घेतलं. तळमजल्यावर तो, मध्ये मी, त्यांची शेजारीण, वर त्याची थोरली बहीण थेडा. पाणी तापवणारा बॉयलर, ते वर नेणारे पाइप, त्या पाण्याने तिघांच्या खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर, सगळ्यावर त्याची हुकमत. बायकोला पुरून आला त्या दिवशी तो रडला नाही. सरळ खाली जाऊन बॉयलर पुसत बसला. माणूस असा.

ते पाणी घरभर फिरवणारा जुना पंप घरघरायचा. त्याला तीन वेग होते. थंडी पडली की एलर्ट तो तिसऱ्यावर टाकायचा आणि मग हिवाळाभर माझा रेडिएटर शिट्ट्या मारायचा. सप्टेंबरात तो पंप एकदाचा मेला. फेना नावाच्या तरतरीत मिस्त्रीणबाईने नवा बसवला, आपला वेग आपणच ठरवणारा.

"ह्याला खोल्या दिसत नाहीत, काका," ती म्हणाली. "पाणी किती मोकळं वाहतंय एवढंच कळतं. खोली तापली की रेडिएटरची झडप मिटते, पाण्याची वाट अरुंद होते, मग हा हळू होतो. झडप उघडली की जोर लावतो. थोडे दिवस त्याला घराची सवय होऊ द्या. बटणाला हात लावू नका."

"आवाजच येत नाही याचा. बंद पडला तर कळणार कसं?"

"दिवा लागलाय ना?"

"दिवा बंद दुकानातही लागतो," एलर्ट म्हणाला.

नोव्हेंबरात थेडाची खोली गार पडली. संधिवाताने तिची बोटं आधीच वळत नव्हती. ओल्डनबुर्गहून तिची मुलगी इम्के आली, अंगातला कोट न काढता बसली.

"नाताळाआधीची पहिली मेणबत्ती लागते त्या रविवारी येते मी. तोवर खोली उबदार झाली नाही, तर आईला घेऊन जाणार. मामा, तुझं यंत्र तुलाच लखलाभ."

थेडाला जायचं नव्हतं. आणि ती गेली तर दुपारच्या चहाला समोर कोण, हा प्रश्न एलर्टच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता. तो तडक तळघरात उतरला आणि पंप पूर्ण जोरावर टाकला. माझ्याकडे शिट्ट्या सुरू. मी ओरडले की पुन्हा आपोआपवर. थेडा कुडकुडली की पुन्हा जोरावर. त्या पंपाला घराची सवय व्हायची कधी?

एकदा काही कामाने त्याच्या खोलीत गेले, तर आत रस्त्यासारखी थंडी. खिडकी वरून आत कललेली, फटीतून वारा येणारी, आणि तिच्या खालचा रेडिएटर चटका बसेल इतका तापलेला.

"ही खिडकी कधीपासून अशी आहे?"

"कायमचीच. माणसाला ताजी हवा लागते. आमची आईही अशीच ठेवायची."

"आईच्या वेळी कोळशाची शेगडी होती. आता ही थंड हवा थेट झडपेवर पडते. तिला वाटतं खोली गारठलीय, ती मिटतच नाही. पंपाजवळ तुझीच खोली. सगळं ऊन पाणी आधी तू पितोस, थेडाला उरलंसुरलं. जोर वाढवलास की आणखी पितोस."

"बहिणीला गारठवणारा वाटलो का मी तुला?" म्हणाला आणि जिना चढायला लागला. थेडाकडच्या चहाची वेळ झाली होती.

कपात खडीसाखर, तिच्यावर कडक चहा, कडेने सोडलेली साय. आमच्याकडे हा चहा कुणी ढवळत नाही. आधी साय, मग कडू, शेवटी गोड. ज्याचं त्याला आपल्या वेळी येऊ द्यायचं. एलर्ट कप उचलणार, तोच मी त्यात चमचा घातला आणि गरागरा फिरवला.

थेडाच्या हातातली किटली हवेतच थांबली.

"वेड लागलंय का तुला?" एलर्ट म्हणाला.

"तळाशी गोड येईल की नाही, खात्री वाटेना. म्हणून घाई केली. तू तळघरात करतोस तशी."

त्याने तो गढूळ चहा बाजूला सारला.

"एलर्ट," थेडा म्हणाली, "खाली जा. आणि ती खिडकी लाव."

तो गेला. पंप आपोआपवर, खिडकी बंद, तळघराची किल्ली थेडाच्या साखरेच्या डब्यात. फेनाने येऊन त्याच्या रेडिएटरमधून पाणी परत जायची वाट जरा आवळून दिली, म्हणजे वरही पाणी पोचावं. पुढचे दिवस त्याने कसे काढले ते विचारू नका. साखर संपली म्हणून वर यायचा, थेडा त्याला ती वाटीत काढून द्यायची. डबा काही हातात द्यायची नाही.

रविवारी इम्के आली. पहिल्या कपाला कोट उतरला, दुसऱ्याला स्वेटर. तिसरा संपल्यावर तिने कपात चमचा ठेवला, म्हणजे पुरे, आणि आईची बोटं हातात घेऊन बघितली. ऊन होती. नेण्याची गोष्ट तिने काढलीच नाही.

"मामा, खिडकी जरा कलती करू का? उकडतंय."

"कलती नाही. पाच मिनिटं सताड उघड आणि लावून टाक. त्याला त्रास होतो."

"कुणाला?"

एलर्टने पायाखाली, तळघराच्या दिशेने बघितलं. खाली जाऊन एकदा बघून यावं, असं त्याच्या मनात आलं असणार. थेडाने किल्लीसकट साखरेचा डबा आपल्याकडे ओढून घेतला.