अगस्त्य नावाचा अर्थ

आमची पलटण तेव्हा काश्मीरच्या उत्तरेला होती. मी हुद्द्यानं नाईक, अमरावतीजवळच्या वलगावचा. शिपाई सुनील अकोल्याकडचा, पातूरचा. पोस्टवर वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच.

फेब्रुवारीत एका सकाळी टेलिफोनची लाइन तुटली. दहा वाजता आम्ही दोघं ती जोडायला निघालो. अकरा वीसला वरून दगड सुटला आणि सुनीलचा पाय मोडला. मी त्याला कपारीत बसवलं, वायरलेस सेट त्याच्याजवळ ठेवला.

"स्ट्रेचर घेऊन येतो. मी येईपर्यंत हलू नको."

"हो, भाऊ."

पोस्टवर पोचलो आणि बर्फाचं वादळ सुरू झालं. सुभेदार साहेबांनी सांगितलं, "मौसम खुलेपर्यंत कोणीही बाहेर जाणार नाही." हुकूम बरोबर होता.

दोन वाजता सेटवर सुनीलचा आवाज आला.

"भाऊ, खाली जुना बंकर हाये. सरकत जाऊ का?"

आम्ही एवढ्यात येत नाही, हे सांगायची मला हिंमत झाली नाही.

"नको. निघालो आमी. तिथंच थांब."

"थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो त्याच कपारीत गोठलेला सापडला. बंकर साठ पावलांवर होता. रिपोर्टमध्ये मी हे बोलणं लिहिलं नाही.

रिटायर झाल्यावर पातूरला गेलो. सुनीलची मोठी बहीण गावातल्या शाळेत शिकवते. दिवेलागणीनंतर आम्ही अंगणात चहा घेत होतो. दक्षिणेला एक ठळक तारा दिसत होता.

"हा अगस्त्य," ताई म्हणाली. "सुनील पत्रात लिहे, इकडून तो दिसत नाही म्हणून."

"नावाचा अर्थ काय?" मी सहज विचारलं.

"अग म्हणजे डोंगर. डोंगराले थांबवणारा, तो अगस्त्य. विंध्य उंच वाढून राहिला होता. ऋषी दक्षिणेले निघाले तवा तो त्यांच्यापुढं वाकला. ते म्हणाले, मी परत येईपर्यंत असाच राह्य. अन् परत आलेच नाही."

मी कप खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. सेटवरचं खोटंही.

तिनंही कप खाली ठेवला.

"साठ पावलं?"

"हो, ताई."

"म्हणजे पोचला असता."

"हो."

ती रडली नाही. मला माफ केलं, असंही म्हणाली नाही.

"माय आत हाये," ती म्हणाली. "तिले बी तुमीच सांगा."

मी उठून आत गेलो.

शिपाई सुनील. वय तेवीस. सांगितलं होतं तिथंच थांबला.