आवाज न करणारी गाडी

चिंचवडच्या शोरूममध्ये मी गाड्या विकतो. मायलेज न विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून थेट आलेली ती बाई मात्र फक्त आवाजाचंच विचारत होती. छोटी हायब्रिड तिनं मला पाच वेळा चालू करायला लावली. दर वेळी काचेच्या दाराबाहेर जाऊन, डोळे मिटून ती ऐकत उभी राहायची.

"बॅटरीवर निघते ताई, कळतसुद्धा नाही. पण बॅटरी उतरली असेल तर इंजिन आपोआप चालू होतं," मी म्हणालो.

"बॅटरी भरली आहे, हे कुठं दिसतं?"

मी दाखवलं. तिनं ते दोनदा नीट बघून घेतलं.

"रात्री उशिरा निघता वाटतं? मुलांची झोपमोड होत असेल," मी हसत म्हणालो.

"मुलं जागीच असतील, भाऊ. ती माझ्याबरोबर येणार आहेत. नवरा तेवढा झोपलेला राहिला पाहिजे."

इतकी वर्षं गाड्या विकतोय, पण तिला रंग कुठला हवा हे विचारायचंही मला सुचलं नाही.

महिन्याभरानं ती पहिल्या सर्व्हिसिंगला आली. मागच्या सीटवर दोन मुलं मोठमोठ्यानं भांडत होती. फॉर्म भरताना मी जुनाच पत्ता वाचून दाखवला.

"तो खोडा."

"नवीन काय लिहू?"

"काहीच नका लिहू. ते इथं विचारत आले तर?"

मी त्या रकान्यात आमच्या शोरूमचाच पत्ता लिहिला.