उंबऱ्याबाहेरची आंघोळ

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं गाव. मिठागरात राबून भागेना, म्हणून पन्नास सालानंतर बाबा नव्यानेच निघालेल्या एका रंगाच्या कारखान्यात लागले. संध्याकाळी ते पिवळेधमक होऊन घरी येत आणि हळद लागलेला नवरदेव आला म्हणून आळी त्यांची थट्टा करी. आईही हसायची.

माझ्या पाठची दोन बाळं पोटातच गेली, तेव्हा ते हसणं थांबलं. "हिच्या कुलानच खोट हाय," असं आत्या आईच्या तोंडावर बोलली. पुन्हा दिवस गेले तेव्हा आईचं लक्ष मोरीच्या कडेच्या अळवाकडे गेलं. बाबांचे कपडे धुतलेलं पाणी त्याच्या मुळाशी जाई. पानं करपली होती, गड्डे कुजले होते आणि नवा कोंभ फुटत नव्हता. तिने ते अळू उपटून आत्यापुढे टाकलं.

"याच्या कुलान पन खोट हाय का गो?"

त्याच संध्याकाळी तिने बाबांना उंबऱ्यावर अडवलं. "मसनातून आल्याव आंगोल केल्याबिगर घरान येता का? मंग कारखान्यातून आल्याव पन नाय यायचा. आनि कापडा तुमीच धुवाची."

"मी जित्ता हाय!" बाबा ओरडले.

जित्याजागत्या नवऱ्याला रोज मसणातून आल्यासारखं वागवते म्हणून गावभर तिची छी-थू झाली. आईने घरामागे, विहिरीपासून लांब एक दगड मांडला होता. त्यावर बाप्या माणूस कपडे धुतोय, हे बघायला बायका मुद्दाम तिकडून जात. बाबा रागाने कपडे आपटत, पण धूत. आई ढिम्म हलली नाही.

प्रदूषण, जनुकं हे शब्द मला फार पुढे, माझ्या शिकलेल्या नातीकडून कळले. काही विषारी रसायनं माणसाच्या बीजालाच धक्का लावतात, म्हणाली. आमच्या घरात नेमकं काय घडलं, ते आता कोण सांगणार? पण कुळावर आलेला बोल मुकाट गिळायचा नाही आणि पोटातल्या जिवासाठी गावाशी वाकडं घ्यायचं, हे आईने एकटीने ठरवलं. तिची लेक म्हणून माझी मान आजही ताठ होते.

भाऊ झाला त्या संध्याकाळी सुईणीने दारातच बाबांपुढे बाळ धरलं. ते नुकतेच कामावरून आले होते. त्यांचे पिवळे हात पुढे झाले आणि तसेच मागे गेले. "थांब, थांब," म्हणत ते घरामागे पळाले.

आई बाजेवरूनच आत्याला म्हणाली, "साबन ने गो त्यांना."