आखाजीचं सीताफळ

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईचा स्वभाव गोड असतो, असा लोकांचा समज आहे. माझा नाही. वर्षानुवर्षं हा धंदा करून मी संशयी झाले आहे. धुळ्याच्या स्टँडवर एखादा माणूस दोन उसाचे रस सांगतो आणि एकटाच उभा असतो, तर दुसरा ग्लास कोणासाठी, हे कळेपर्यंत माझी गाडी सुटली तरी चालते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात एखादी मुलगी "दादा, मेसेज जातील का हो सगळे?" असं विचारते, तेव्हा तिला नेमका कोणता मेसेज जायला नकोय, ते मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलेलं असतं. सकाळी नवरा कामावर गेला की धुळ्यातल्या देवपुरात, आमच्या स्वयंपाकघरात, कणकेच्या डब्याशेजारी फोन उभा करून मी लिहायला बसते. कुकर होईपर्यंत एक भेट आणि भाजी होईपर्यंत एक ताटातूट, असा माझा रोजचा हिशेब असतो.

नवऱ्याची एकच तक्रार आहे. "तुझ्या एकाही नायकाचे हात माझ्यासारखे नाहीत," तो म्हणतो. खरं आहे त्याचं. माझे सगळे नायक कमी बोलतात आणि हातांनी काहीतरी करतात. कोणी तुटलेल्या चपलेचा अंगठा शिवून देतो, कोणी ओढणीत अडकलेले काटे एकेक करून काढतो. हे सगळे हात एकाच माणसाचे आहेत. माझ्या वडिलांचे, म्हणजे नानांचे. निदान मी तसं समजत होते.

नाना पाटबंधारे खात्यात होते. गिरणेच्या कालव्यावर हिंडून घरी यायचे, जेवायचे, तोंडावर गमछा टाकून पडवीत आडवे व्हायचे. आमच्याशी ते बोलत नसत. रागावतही नसत. घरात एक माणूस आहे हे त्यांच्या चपलांवरून कळायचं. आम्ही भडगावला राहत होतो. उन्हाळ्यात आई धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, ज्वारीच्या पापडासारखे बिबडे वाळत घालायची आणि कावळ्यांना हाकलायला मला सोबत बसवायची. तिथं मी तिला विचारायचे, नाना आपल्याशी बोलत का नाहीत. मग आई गोष्ट सांगायची.

गोष्ट अशी. आईचं लग्न फाल्गुनात झालं. पहिल्या आखाजीला ती माहेरी शिंदखेड्याला गेली, कारण अक्षय्य तृतीयेला लेकीनं माहेरी जाऊन झोके घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. सण झाल्यावर नाना तिला न्यायला आले. सासरवाडीच्या ओट्यावर बसले. घर माणसांनी भरलेलं, नव्या नवरीशी बोलायची सोय नाही. कोणीतरी ताटलीत सीताफळ आणून ठेवलं. नानांनी ते फोडलं, एकेक बी बोटांनी वेगळी केली, सगळा गर वाटीत काढला आणि वर न बघता ती वाटी दारामागे उभ्या असलेल्या आईकडे सरकवली. "मंग मी समजनू," आई तिच्या अहिराणीत म्हणायची. "बोलतस नही, पन मन शे." मन आहे, एवढं तिला पुरलं होतं.

या वाटीवर मी वाढले. जेवताना नाना माझ्याकडे बघत नसत, तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघायचे. मोठी झाल्यावर पहिली कादंबरी लिहिली, ती फोनवरच्या एका ॲपवर भागाभागानं आली, आणि तिच्यात मी ती वाटी जशीच्या तशी घातली. बायकांनी ती डोक्यावर घेतली. "वाटीवाला नवरा" असा एक शब्दच वाचकांत रूढ झाला. यंदा जळगावच्या एका प्रकाशकानं ती कादंबरी छापायला घेतली. मनोगतात मी लिहून टाकलं की ही माझ्या आईवडिलांची खरी गोष्ट आहे. प्रकाशकाला तर आनंदच झाला. दिवाळीनंतर जळगावात कार्यक्रम, नाना आणि आई व्यासपीठावर, त्यांच्याच हस्ते पुस्तकाचं प्रकाशन, आणि मग नानांच्या हातात एक वाटी द्यायची, असं त्यानं ठरवलं. मी लगेच हो म्हटलं.

नवरात्रात एका वाचकबाईचा निरोप आला. अगदी साधा. "ताई, कादंबरी आवडली. पण मी शेतकऱ्याची मुलगी. आखाजीला सीताफळ कुठून आलं?"

मी फोन खाली ठेवला. पोळी तव्यावर जळाली. इतकी वर्षं मी हे लिहीत होते, सांगत होते, इतक्या बायका ते वाचून रडल्या, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आखाजी भर उन्हाळ्यात येते. सीताफळ येतं ते दसरा-दिवाळीला. खानदेशात जन्मलेल्या बाईनं ही चूक करावी, याची मला आधी लाज वाटली. लाज ओसरल्यावर मनात पाल चुकचुकली.

कारण यातलं काहीतरी एक खोटं होतं. फळ खोटं असेल, तर प्रश्न मिटला. पण आईनं फळ कधी बदललं नव्हतं. सगळ्या गोष्टीत तेच सांगताना तिचा आवाज बदलायचा. त्या काळ्याभोर बिया, त्या बोटांना लागलेला गर, हे तिनं पाहिलेलं होतं, याबद्दल मला शंका नव्हती. न पाहिलेलं कसं लिहितात हे मला माहीत आहे, तो माझा रोजचा धंदा आहे. मग फळ खरं असेल, तर सण खोटा. लग्नानंतरची पहिली दिवाळी आईनं भडगावलाच काढली होती, हे मला माहीत होतं; म्हणजे उरली लग्नाच्या आधीची दिवाळी, आणि तेव्हा आई शिंदखेड्याला कुमारिका होती. नानांना तिनं तोवर पाहिलेलंही नव्हतं.

मग ते हात कोणाचे?

मी आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विषय काढला. "तव्हा बठ्ठं भेटे," ती म्हणाली. त्या काळी म्हणे सगळं मिळायचं. मी म्हटलं, उन्हाळ्यात सीताफळ? "आते इतलं जुनं काय काढस?" म्हणाली आणि गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून फोन बंद केला. माझी आई दुपारी दूध तापवत नाही. इथे पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं.

नंतरचे काही दिवस माझं लिहिणं बंद पडलं. ॲपवर नायिका एका बागेत बसून होती, तिला मी तिथंच सोडलं. डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: जळगावचं सभागृह, टाळ्या, आणि नानांच्या हातात वाटी. त्या म्हाताऱ्या, अबोल माणसाला व्यासपीठावर बसवून मी भलत्याच पुरुषाच्या प्रेमाचा हार त्याच्या गळ्यात घालणार होते. आणि शेजारी आई बसलेली असणार, सगळं माहीत असून. मला आईचा राग आला. इतका, की तिनं पाठवलेले बिबडे मी तळायला काढले आणि परत डब्यात ठेवले.

शेवटी शिंदखेड्याची गाडी धरली. तिथं मामी आहे. आईच्या लग्नाआधीच ती त्या घरात सून म्हणून आली होती, म्हणजे तिनं सगळं पाहिलेलं असणार. मी सहज आल्यासारखं दाखवलं. मामीला ते पटलं नाही, कारण मी सहज कधी जात नाही.

"आखाजीले सीताफळ?" मामी म्हणाली. "येडी व्हयनी का तू? आखाजीले आंबा ऱ्हास."

मग नाना आले तेव्हा काय झालं होतं, मी विचारलं.

"काय व्हई? जवाई उनात, वट्टावर बठनात, च्या पिनात. एक शबद बोलनात नहीत. तुनी मायले लई गयात." मामीनं गुडघा चोळला. मग तिला काहीतरी आठवलं. "सीताफळ ते तो मास्तर खाये. आपला पुढला खोलीमा भाडानी ऱ्हाये तो."

एवढ्यात तिची सून चहा घेऊन आली आणि मामी सुनेला साखरेवरून बोलायला लागली. पुढचं मी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला पुढची खोली आणि भाड्यानं राहणारा मास्तर एवढं मिळालं की बाकीचं ती स्वतः भरते. परतीच्या गाडीत मी त्याला भांग पाडून दिला, पांढरा सदरा दिला, आवाज दिला. धुळं येईपर्यंत आई आणि तो मला इतके स्पष्ट दिसायला लागले होते की मला रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी गेलं का. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी धुळ्यातल्या पाच कंदिलाच्या बाजारातून मी टोपलीभर सीताफळं घेतली आणि भडगावला गेले. बोलून काही निघणार नाही हे मला कळलं होतं. फळं दोघांच्या मधे ठेवायची आणि चेहरे बघायचे, असा माझा डाव होता. कथेत मी असंच करते.

नाना पडवीत खाटेवर बसले होते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणजे हवं तेवढं येतं. आई तांदूळ निवडत होती. मी ताटलीत सीताफळं काढली, वाटी ठेवली आणि दोघांच्या मधे ती ताटली सरकवली. नाना फळांकडे बघत होते. आईचा हात तांदळात थांबला. मी तिच्यावरची नजर हलवली नाही.

"मी मामीकडे गेले होते," मी म्हटलं. "मास्तर कोण होता?"

आईनं सूप बाजूला ठेवलं. चोरी सापडल्यासारखी ती दिसायला हवी होती. ती नुसती दमलेली दिसली.

"व्हता एक," ती म्हणाली. "बायकोसंगे ऱ्हाये आपला पुढला खोलीमा. त्यानी बायको दिनभर राबे. तो संध्याकायले साळामाईन ये, सीताफळ फोडे, बिया काढे नि वाटी तिना मव्हरे ठेवे. मी सैपाकघरना दारमाईन पाहे. रोज पाहे." तिनं पदरानं हात पुसले. "मन्हं लगीन ठरनं तव्हा म्हटलं, मनाबी नवरा आसंच करी."

मग तिनं सूप परत पुढ्यात ओढलं. नाना समोर बसले होते, म्हणून थांबली असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं.

"यास्नी कधीच करं नही," ती त्यांच्यासमोर म्हणाली. "नि तू रोज इचारे, नाना बोलतस का नही. माले काहीतरी सांगनं पडे ना."

माझा पांढऱ्या सदऱ्यातला मास्तर तिथंच मेला. त्याच्याबरोबर माझे नानाही गेले, आणि ते मला जास्त लागलं. तो हात कधी नव्हताच. मी ज्याच्यावर कादंबऱ्या उभ्या केल्या, तो माणूस माझ्या आईनं दुसऱ्याच्या संसारातून उचललेल्या एका वाटीतून बनवला होता. मी स्टँडवरच्या रसाच्या ग्लासातून बनवते, अगदी तसाच. आणि मी तिला काय काय समजले होते! मला तिची कीव आली, पण राग गेला नाही. इतकी वर्षं एका अबोल माणसाशेजारी राहून तिनं त्याला माझ्यासमोर चांगलं केलं होतं. आणि मी ते जगाला खरं म्हणून विकलं होतं.

"कार्यक्रम रद्द करते," मी म्हटलं. "मनोगत काढून टाकते."

"कसाले?" नाना म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते फळांकडेच बघत होते.

"माले म्हाईत शे ती गोष्ट," ते म्हणाले. "धाबावर सांगे ती तुले. माले खाले पडवीमा ऐकू ये."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. उन्हाळ्यामागून उन्हाळे तिनं धाब्यावर त्यांच्याबद्दल खोटं सांगितलं होतं आणि ते खाली गमछ्याखाली जागे होते. तिच्या चेहऱ्यावर संशय आला, माझ्यासारखाच. मला माझा स्वभाव कोणाकडून आला ते तेव्हा दिसलं.

"मंग बोलनात का नही?" आईनं विचारलं. "खोटं शे म्हनून का नही सांगं?"

नानांनी खांद्यावरचा गमछा काढून मांडीवर ठेवला. त्यांना बोलायची सवयच नाही.

"चांगलं सांगत व्हती तू," ते म्हणाले.

मग त्यांनी ताटली पुढे ओढली. त्यातल्या त्यात पिकलेलं एक सीताफळ हातात घेऊन दाबून पाहिलं आणि फोडलं. त्यांची बोटं आता नीट वळत नाहीत. एक बी निसटून खाटेखाली गेली, गर अंगठ्यावरून मनगटापर्यंत आला. मला मदत करावीशी वाटली, पण मी हलले नाही. आईही हलली नाही. ती पुढच्या खोलीकडे बघायची तशीच बघत असावी, मान किंचित पुढे काढून. बऱ्याच वेळानं वाटी कशीबशी भरली. नानांनी वर न बघता ती आईकडे सरकवली.

"आसंच ना?" त्यांनी विचारलं.

आईनं वाटी उचलली, एक घास तोंडात घातला. दोन बिया काढून ताटलीच्या कडेला ठेवल्या. पुन्हा एक घास घेतला आणि आणखी एक बी काढली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिच्या रोजच्यासारखाच होता.

"यामा आजून बिया शेतस," ती म्हणाली.

नानांनी वाटी परत आपल्याकडे ओढली, बाहेरच्या उजेडात धरली आणि ते बोटानं बिया शोधायला लागले.