पाठकोऱ्या कागदावरचं अपील

आमच्या तालुक्यात माहितीच्या अधिकाराचं भांडण लागलं, की दोन्ही बाजूंनी मीच भांडतो. पंचायत समितीच्या फाटकासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. माहिती मागणारा सकाळी येतो, माझ्याकडून अर्ज टाईप करून घेतो, रस्ता ओलांडून आत देऊन येतो. मग तीस दिवसांची मुदत संपायला एखाददुसरा दिवस उरला, की ज्याच्याकडं माहिती मागितली तोच साहेब रस्ता ओलांडून माझ्याकडं येतो. "याला उत्तर द्यायचंय, बघा जरा." कारण त्यांचा कॉम्प्युटर कायम दुरुस्तीला गेलेला. मग माझ्याच अर्जाला मी उत्तर देतो. उत्तर पटलं नाही, की अर्जदार अपिलासाठी माझ्याकडं, आणि मी माझ्याच उत्तराच्या चिंध्या करतो.

यात काही वावगं आहे असं मला कित्येक वर्षं वाटलं नाही. न्हावी नवरदेवाची दाढी करतो आणि सासऱ्याचीही करतो, त्याला कुणी विचारतं का, तू कुणाकडचा म्हणून? उलट मला गर्व होता. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी सगळे नमुने एका दुपारी बदलून टाकले; साहेबांचे शिक्के अजून जुन्याच नावाचे आहेत. आणि नकार लिहावा तर मीच. 'उपलब्ध नाही' असं कच्चा माणूस लिहितो. मग पुढचा विचारतो, नष्ट केली का, केली तर नोंद दाखवा. मी लिहायचो, 'सदर अभिलेखाचा शोध घेतला असता तो आढळून येत नाही.' म्हणजे शोध झाला, कष्ट झाले, वस्तू सापडत नाही. आता कुणाला दोष देता? शिंगणापूरला घरांना दारं नाहीत. आमच्याकडं कपाटांना दारं आहेत, दारांना कुलपं आहेत, फक्त किल्ली आढळून येत नाही.

दुकानाच्या दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो, पुढं लागतील. एक, माझ्या मशीनच्या ड्रमला चरा पडलाय, त्यामुळं माझ्याकडून निघालेल्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येते. ड्रम बदला, बदला असं बायको म्हणते. दुसरी म्हणजे मी चिकट माणूस आहे. एखादी प्रत वाकडी आली की मी ती फेकत नाही. पाठकोरे कागद गठ्ठ्याला लावून ठेवतो आणि कच्चा मसुदा त्यांच्या कोऱ्या बाजूवर काढतो.

गेल्या श्रावणात एक बाई आली. चाळिशीची, उभ्या अंगाची, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. पाच कोसांवरच्या एका वस्तीवरची. अख्खी वस्ती ऊसतोडीला जाणारी, दसरा झाला की घराला कुलूप.

तिचं म्हणणं साधं होतं. वस्तीवर नळाची लाईन यायची होती. गेल्या वर्षी चुना मारून खुणाही झाल्या होत्या. उसाहून परत आली तर खुणा पुसलेल्या आणि चारी खणत चाललेली भलतीकडंच, बागायतदारांच्या मळ्याकडं. विचारलं तर ग्रामसेवक म्हणाला, तुमच्याच वस्तीनं सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत लिहून दिलंय, आम्ही सहा महिने इथं नसतो, आम्हाला लाईन नको.

"आन सव्वीस जानेवारीला मी कुटं हुते? कोल्हापूरकडं फडात! माझ्या डोक्यावर मोळी हुती, मी काय उडत आले का ग्रामसभेला?" ती माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाली. "मला त्या ठरावाचा कागद पायजे. कोन म्हनलं पानी नको, ते मला बघू द्या."

मी म्हटलं, "ताई, अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. नियम आहे."

"दीडशे? दादा, म्या आत्ता शिव्या दिल्या त्याच दीडशे झाल्या असत्याल."

झाल्या होत्या. मी शिव्या वगळून एकशे दहात बसवला, वर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं आणि तिला सही करायला सांगितली. तिनं पेन घट्ट धरलं, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर पेरल्यासारखं लावलं. सही झाल्यावर तिनं कागद लांब धरून बघितला आणि मान हलवली.

एकोणतिसाव्या दिवशी ग्रामसेवक आला. कागदोपत्री आता त्याचं पद ग्रामपंचायत अधिकारी आहे, पण आमच्याकडं सगळे त्याला भाऊसाहेबच म्हणतात. तीन गावांचा कारभार, मोटारसायकलवर सगळं दफ्तर, आणि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यानं अर्ज माझ्यापुढं टाकला.

"हे नाही म्हणून टाका."

खरं सांगतो, मला आठवत होतं. फेब्रुवारीत हाच भाऊसाहेब ग्रामसभेची वही घेऊन माझ्याकडं आला होता. लाईन वळवायच्या प्रस्तावाला ठराव जोडायचा होता, त्याच्या चार प्रती काढल्या होत्या. एक वाकडी आली म्हणून तो माझ्यावर खेकसलासुद्धा होता. म्हणजे वही आहे, पान आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी टाईप केलं. नुसतं केलं नाही, सुधारून केलं. 'शोध घेतला असता' च्या आधी 'कसोशीने' घातलं. भाऊसाहेब खूश झाला, मीही खूश झालो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चार दिवसांनी बाई उत्तर घेऊन आली.

"मंजी न्हाई म्हनत्यात?"

"नाही असं म्हणत नाहीत. आढळून येत नाही म्हणतात."

"वही हाय का मांजराचं पिल्लू? हरवायला?"

मला हसू आवरेना. पण अपील मात्र मी झकास लिहिलं. ग्रामसभेचं इतिवृत्त हा कायम जतन करायचा अभिलेख, तो सांभाळणं कुणाची जबाबदारी, हरवला तर तक्रार कुठं नोंदवली, असं एकामागून एक. आपल्याच उत्तराला इतकं नागडं करायची मजा फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येते. कच्चा मसुदा काढून तिच्या हातात दिला. "घरी नेऊन वाचा, उद्या सांगा, मग पक्का करू."

"मला वाचता येतं, पन लई हळू."

"हळू वाचा की. घाई काय आहे?"

घाई होती, ती मला नंतर कळली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक निघणार होता. आणि भाऊसाहेबांचा सगळा डाव त्याच्यावरच होता. अपिलाची सुनावणी पुढं ढकलत न्यायची, टोळी गेली की तारीख लावायची, 'अपीलकर्ती गैरहजर, अपील निकाली' म्हणून फाईल बंद. वस्तीची किती भांडणं अशी उसाच्या फडात हरली असतील देव जाणे. असली पत्रं मीच टाईप करत आलो, त्यामुळं त्यांचा मासला मला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी विचारलं, "बरोबर आहे ना?"

"लई बरूबर हाय," ती म्हणाली. "छापा."

पक्की प्रत घेऊन ती गेली. कच्ची तिनं परत दिली नाही, मीही मागितली नाही.

अपील ऐकायचं काम पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांचं. हे साहेब नवे होते, नगरहून एसटीनं यायचे, डबा घरचा खायचे आणि तारीख दिली की त्याच तारखेला बसायचे. भाऊसाहेबांनी पुढची तारीख मागून बघितली. साहेब म्हणाले, "कायद्यानं मला दिवस मोजून दिलेत, तुम्ही कशाला वाढवून मागता?" सुनावणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी लागली.

मी दुकानात एका मुलाखतीचा बायोडाटा करत होतो. एवढ्यात शिपाई धावत आला. "चला, साहेबांनी बोलावलंय."

आत भाऊसाहेब खुर्चीच्या टोकावर, बाई उभी. साहेबांच्या टेबलावर एक कागद पडलेला. एका बाजूला माझा कच्चा मसुदा. साहेबांनी तो उलटा केला. दुसऱ्या बाजूला सव्वीस जानेवारीच्या ठरावाची प्रत, डोक्यावरची ओळ वाकडी कापलेली.

आई शप्पथ, गठ्ठ्यातला तोच कागद मी तिच्या हातात दिला होता. ज्या कागदासाठी ती भांडत होती, त्याच्याच पाठीवर तिचं भांडण छापून.

"आमच्या या ताई म्हणतात, अपील मागच्या बाजूलाही असंल म्हणून त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या," साहेब म्हणाले. "आणि भाऊसाहेब म्हणतात हा कागद बनावट आहे. तुमच्या मशीनचा आहे का?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. वर्षाची गिऱ्हाइकी त्या नजरेत होती. मी कागदाच्या उजव्या कडेकडं बघितलं.

"साहेब, रेघ माझी आहे."

"आणि मजकूर?"

"मजकूर भाऊसाहेबांच्या वहीतला. मी फेब्रुवारीत प्रती काढल्या."

साहेबांनी फाईल चाळली. "या उत्तरावरही रेघ आहे. हे कुणी टाईप केलं?"

"मीच."

"आणि अपील?"

"तेही मीच."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मघापासून मी तुमचं आणि तुमचंच ऐकतोय!"

शिपाई तोंड लपवून हसला. भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "साहेब, आत्ताच आठवलं. वही बहुतेक गाडीच्या डिकीत असेल."

कसोशीनं शोधून जी महिनाभर आढळून आली नाही, ती पाच मिनिटांत आली. रेनकोटात गुंडाळलेली, कडेला ऑईलचा डाग. साहेबांनी पान उघडलं. वस्तीतल्या झाडून सगळ्यांची नावं ओळीनं, आणि प्रत्येकापुढं अंगठा. सगळे अंगठे एका मापाचे, एकाच बाजूला तिरके.

"यात तुमचं नाव कुठलं?"

बाईनं बोट ठेवलं. तिचा आवाज चढला. "साहेब, मला सही येती. फडावरच्या पाचटाच्या कोपीत बसून पेटीच्या पत्र्यावर कोळशानं गिरवून गिरवून शिकले मी. दिवसभर ऊस तोडून बोटं वळत नव्हती, तरी शिकले. पानी काय, आजवर डोईवर आनलं, अजून आनीन. पन माझं नाव लिहून त्याच्यापुढं दुसऱ्याचा अंगठा? मला अडानी केलं ह्यांनी परत!"

साहेबांनी हजेरीचा कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं जीभ दातांत धरून सही केली, पहिल्यासारखीच, सावकाश. भाऊसाहेब पंख्याकडं बघत होता. माझी मान खाली गेली ती वर येईना.

साहेबांनी आदेश तिथंच सांगितला: ठरावाची साक्षांकित प्रत आजच्या आज, फुकट. पुढं म्हणाले, "ताई, मला फक्त कागद द्यायचा अधिकार आहे. पाण्याचा नाही. पण हा कागद घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडं जा." ती तशीच त्या दालनात गेली. तक्रार तिनं हातानं लिहिली, माझ्याकडं आली नाही. चारी खणायचं काम त्याच आठवड्यात थांबलं. पुढं एक मेच्या ग्रामसभेला वस्ती घरी होती. तो ठराव रद्द झाला, आणि आता तिकडं नळ आलेत. पाणी दिवसाआड येतं, पण येतं.

पण मला सांगायचंय ते ट्रक निघाला त्या दिवशीचं. तोवर बाजारात बोभाटा झाला होता, की मी मुद्दाम तो कागद बाईच्या हातात सरकवला. हॉटेलवाल्यानं फुकट चहा पाजला. एक वकील पाठीवर थाप मारून गेला. मी नाही म्हटलं नाही. नुसतं गालात हसायचो, मोठा डाव खेळल्यासारखं.

स्टँडच्या कोपऱ्यावर ट्रक उभा होता. वर पत्रे, बाजा, शेळ्या, भांडी, माणसं. बाई ठरावाच्या प्रतीच्या आणखी दोन झेरॉक्स काढायला दुकानात आली. मशीन चालू असताना तिनं विचारलं, "दादा, लोकं म्हनत्यात त्ये खरं का? तुमी मुद्दाम दिलता कागद?"

"मग काय!" मी छाती काढून म्हणालो. "तुम्हाला काय वाटलं, चुकून?"

तिनं मान डोलावली. "मंजी कागद दुकानात हाय, हे तुमाला आदीपास्नं ठावं हुतं."

"हो तर."

"मंग भाऊसाहेबाचं 'न्हाई' तुमी ठावं असून छापलं."

मशीन घरघरत राहिलं. इतकी वर्षं दोन्ही बाजूंची उत्तरं लिहिली, पण हे उत्तर माझं मलाच द्यायचं होतं.

"ताई, कागद चुकून गेला," शेवटी मी म्हणालो. "आणि 'नाही' मात्र ठाऊक असून छापलं."

ती रागावली नाही, हसलीही नाही. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तिनं माझ्या हातातून दोन्ही प्रती घेतल्या, एकेक उलटी करून मागची बाजू कोरी आहे का ते बघितलं, आणि गेली.