ज्वालामुखीवरचे रोडगे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला सांगायला बरं पडेल. पण एक लक्षात ठेवा, नागपूरच्या अख्ख्या धरमपेठेत ज्वालामुखी पाहिलेला माणूस एकच. मी!

सातवीत शाळा सुटली, आणि ट्रक दुरुस्त करता करता मी पोचलो थेट अंदमानात, रस्त्याच्या कामावर. स्वभावानं लाजरा. माझं नावही कुणी विचारलं नाही, सगळे नुसते 'नागपूर' म्हणत. एकदा आमचा बंगाली स्वयंपाकी गोपालदा म्हणाला, "समंदर के पास छोटा ज्वालामुखी है. संडे को चलेगा, नागपूर?"

ज्वालामुखी म्हणजे निखारे, नाही का? आणि निखारे म्हटले की आपल्या विदर्भातल्या माणसाला काय आठवतं? रोडगे! कणकेचे जाड गोळे निखाऱ्यात भाजायचे, सोबत भाजल्या वांग्याचं भरीत. रविवारी निघताना आयुष्यात पहिल्यांदा मी टोळीतल्या आठ माणसांसमोर तोंड उघडलं. "स्टोव्ह मत लो, चावल मत लो! आज नागपूर खिलाएगा!"

माचीससुद्धा मागेच ठेवायला लावली. म्हटलं, बिड्या तिथंच शिलगावू!

"सोच गा," आमचे ड्रायव्हर, पारशिवनीचे नामदेवभाऊ म्हणाले. "लय मोठं बोलून राहिला तू."

"भाऊ, धरतीच्या पोटातली आग हाय. ते इझते का कधी?"

डोक्यावर कणकेचं घमेलं घेऊन मी सगळ्यांच्या पुढे. खाडीकाठी मुळ्या वर काढून उभी असलेली झाडं, मग दाट जंगल. अचानक गोपालदा थांबला. "ये लो."

समोर राखाडी चिखलाचा गुडघ्याएवढा ढिगारा. टोकाला खड्डा. त्यात एक बुडबुडा सावकाश फुगला, 'भुप्प' करून फुटला. संपलं!

"आग किधर है, नागपूर?"

"अंदर है," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नागपूरच्या इज्जतीचा सवाल! रोडगा पानात गुंडाळला आणि कोपरापर्यंत हात आत खुपसला. माठात घातल्यासारखा गार! हा ज्वालामुखी नुसता चिखलाचा, आगीचा नव्हेच.

तरी बसलो. तासभर आठ उपाशी माणसं ओठांत न पेटलेली बिडी धरून त्या बुडबुड्याकडे पाहत होती.

"पलटव गा," नामदेवभाऊ म्हणाले, "एका बाजूनं करपन!"

रोडगा बाहेर काढला. कच्चा तो कच्चाच, वर पावभर चिखल प्यालेला! शेवटी किनाऱ्यावर पडलेले नारळ दगडानं फोडून सगळ्यांनी खाल्ले. माझ्या वाट्याला मोठा तुकडा आला, तोही गोपालदानं दिला. त्याला माझी दया आली असावी.

घरी आल्यावर आईला सगळं खरं सांगितलं. तिनं त्यातलं तिला आवडलं तेवढं ठेवलं. अजून शेजारणींना छाती फुगवून सांगते, "माह्या पोरानं ज्वालामुखीत कोपरावरी हात घातला, पण एक केस जळला नाही वं!"

मी खाली मान घालून ऐकतो. आता यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा!